मुलाला थेरपी लागेल का, हे ठरवायचं कसं? थांबायचं किती आणि दाखवायचं कधी? (कोल्हापूर जिल्हा)

खडूफळा
पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी गेले की शाळेच्या समुपदेशकाकडं प्रश्न येतोच: 'पोराला कुणाला तरी दाखवायला पाहिजे का?' फोनवर दोन मिनिटांत याचं उत्तर होत नाही, म्हणून धागा काढतेय. इथं बालरोगवाले, मानसशास्त्रवाले, विशेष शिक्षक सगळे वावरतात. भर घाला, चुकलं तर खोडा.

आधी एक गाठ सोडवू. दाखवणं वेगळं आणि थेरपी सुरू करणं वेगळं. तपासणीला गेलेल्या मुलांपैकी कुणाला नुसता चष्मा लागतो, कुणाला वर्गात पुढचा बाक, आणि कुणाच्या आईवडिलांनाच चार वेळा बसावं लागतं. 'एकदा पाय ठेवला की अडकलो' ही भीती काढून टाका.

वागणं चमत्कारिक दिसतंय का, यावरून काही ठरत नाही. एकटंच बडबडत खेळणारं मूल बहुतेक वेळा ठणठणीत असतं. बघायचं ते असं: हे किती आठवडे चाललंय, घर-शाळा-मैदान यांपैकी किती ठिकाणी दिसतंय, झोप, जेवण, अभ्यास, मैत्री यांतलं काय काय त्यात बुडतंय, आणि आधी येत असलेलं काही सुटलंय का. शेवटचा मुद्दा सगळ्यांत जड.

यासाठी १४ दिवस वही ठेवा. पानावर पाच रकाने: वेळ, त्याच्या आधी काय घडलं, मुलानं नेमकं काय केलं, किती मिनिटं चाललं, नंतर मोठ्यांनी काय केलं. बहुतेक वह्या तिसऱ्या रकान्यात फसतात, कारण तिथं 'त्रास दिला', 'हट्ट केला' असं लिहिलेलं असतं. त्यातून कुणालाच काही कळत नाही. 'दप्तर फेकलं, आईच्या हातावर चापट मारली, २० मिनिटं रडला' असं लिहा. पाचवा रकाना लोक लाजून कोरा ठेवतात आणि खरी मेख तिथंच असते. रोज रडण्याच्या शेवटी मोबाईल हातात पडत असेल, तर मूल बिघडलेलं नाही. रडल्यावर मोबाईल मिळतो हे ते शिकलंय. चांगले दिवसही लिहा. रविवारी काहीच नाही आणि सोमवारी सकाळी पोटात दुखतं, हे चांगल्या दिवसांची नोंद असल्याशिवाय दिसत नाही. वही मुलासमोर लिहू नका आणि पाहुण्यांना वाचून दाखवू नका.

कसबा बावडा
ताई, १४ दिवस सगळ्यालाच थांबायचं का? आमच्याकडं तर 'मोठं झालं की सुटंल' म्हणत वर्षं काढतात.

बालरोग ओपीडी
नाही. काही गोष्टींत एक दिवससुद्धा वही करत बसू नये.

लहान बाळांचं सांगतो. १२ महिन्यांचं मूल हाक मारल्यावर बघत नाही, बोट दाखवणं, टाटा करणं असे हातवारे करत नाही; १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही; २४ महिन्यांपर्यंत 'पाणी दे', 'बाबा आले' अशी स्वतःची दोन शब्दांची जोडी नाही, तर त्याच आठवड्यात दाखवा. गाणी पाठ म्हणणं, जाहिरात जशीच्या तशी म्हणणं हे या हिशेबात धरायचं नाही. आणि आलेले शब्द गेले, नजर देणं गेलं, तर वय कुठलंही असो, थांबणं नाही. 'आमच्यात सगळे उशिराच बोलले' हे वाक्य ओपीडीत रोज ऐकू येतं. त्यांतली बरीच मुलं पुढं बोलतातही. पण कुठलं बोलणार आणि कुठलं नाही हे दोन वर्षांच्या मुलाकडं नुसतं बघून घरात कुणालाच सांगता येत नाही, आणि वाट बघण्यात जातात ती शिकायची सगळ्यांत सोपी वर्षं.

उशिरा बोलणाऱ्या मुलाची पहिली तपासणी कानाची. लहानग्याची बेरा (मूल झोपलेलं असताना यंत्रानं होणारी), थोड्या मोठ्या मुलाची ऑडिओमेट्री (आवाज ऐकवून विचारायची). 'टाळी वाजवली की बघतो, म्हणजे ऐकू येतं' हे खरं नाही. टाळीचा आवाज मोठा असतो आणि तिचा वाराही लागतो. कानाच्या पडद्यामागं पाणी साचलेल्या मुलाला भांडं पडलेलं ऐकू येतं, पण 'स' आणि 'श' ऐकू येत नाहीत.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलासाठी ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शंका तपासायला एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते. ही चाळणी आहे, निदान नव्हे. गुण ० ते २ आले तर सध्या धोका कमी, ३ ते ७ ला पुढची मुलाखत लागते, ८ आणि वर थेट तपासणीला. मोबाईलवर भरून 'ऑटिझम निघाला' म्हणत रात्रभर रडू नका आणि २ आले म्हणून शंका दाबूही नका.

शाळकरी मुलाचं आधी शरीर तपासायचं. वर्गात लक्ष नाही म्हणून आलेल्या मुलात मी हे बघतो: डोळे, कान, हिमोग्लोबिन, झोप. तोंड उघडं टाकून घोरणारं मूल रात्री नीट झोपत नाही. मोठी माणसं झोप कमी झाली की पेंगतात, मुलं उलट सैरभैर होतात आणि त्यांच्यावर 'हायपर' असा शिक्का बसतो. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ ला ८ ते १० तास. रात्री ११.३० ला झोपून ६ ला रिक्षात बसणाऱ्या सातवीतल्या मुलाची एकाग्रता मोजण्यात अर्थ नाही.

अजून एक, शिक्षकांनी मुद्दाम वाचावं. बोलता बोलता मूल ५ ते १५ सेकंद टक लावून थिजतं, खांद्याला हात लावला तरी कळत नाही, आणि मग काहीच झालं नाही असं पुढं चालू होतं. हे दिवसातून अनेकदा होत असेल तर ती फिट असू शकते. तंद्रीतलं मूल हात लावला की दचकून भानावर येतं, हे येत नाही. मोबाईलवर चित्रण करा आणि आधी मेंदूच्या डॉक्टरांकडं. इथं समुपदेशन करून उपयोग नाही.

गादी ओली होणं: ५ वर्षांच्या आत हा आजारच नाही. पण सहा महिने कोरं राहिलेलं मूल पुन्हा भिजवू लागलं तर आधी लघवी आणि साखर तपासा, मनाचं कारण नंतर शोधा. त्यातच पाणी फार पीत असेल आणि वजन उतरत असेल तर त्याच दिवशी. चड्डीत शी होणाऱ्या मुलाला घरोघरी आळशी म्हणून मार बसतो. बहुतेकांच्या पोटात जुन्या मळाचा घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ मळ झिरपतो. मुलाला तो कळतच नाही. औषधानं पोट साफ झालं आणि जेवणानंतर १० मिनिटं बसायची सवय लावली की निम्मं भांडण मिटतं. 'मानसिक' हा शब्द इथं लई लवकर वापरला जातो.

रंकाळा संध्याकाळ
डॉक्टरांना +१. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या बाजूनं मुदतींचं लिहितो, कारण 'किती थांबायचं' हे प्रत्येक तक्रारीला वेगळं आहे.

आईला सोडून राहण्याची भीती: शाळेचे पहिले काही आठवडे रडणं हिशेबात नाही. ४ आठवड्यांच्या पुढं टिकलं, झोपतानाही आई लागते, आई न्हाणीत गेली तरी दाराशी बसून रडतं, तर दाखवा. घरात बडबड आणि शाळेत एक शब्द नाही: शाळेचा पहिला महिना सोडून पुढं महिनाभर तेच असेल तर ती 'लाज' नाही. अशा मुलाला 'बोल की, जीभ मांजरानं नेली काय' म्हटलं की ते आणखी घट्ट होतं.

चंचलपणा, लक्ष न लागणं: निदानाला किमान ६ महिने, दोन किंवा जास्त ठिकाणी, आणि सुरुवात १२ वर्षांच्या आतली लागते. फक्त गणिताच्या तासाला चंचल असेल तर गणिताकडं बघा. फक्त घरी असेल तर घराकडं. गेम दोन तास खेळतो म्हणजे लक्ष आहे, असंही नव्हे. गेम दर काही सेकंदांनी बक्षीस देतो, वही देत नाही.

उदासी: मुदत दोन आठवडे, आणि मुलांत ती बऱ्याचदा रडवेली नसून चिडकी असते. फुटबॉलसाठी जीव टाकणारा मुलगा पेठेची मॅच असूनही घरात पडून राहतो, मित्र बोलवायला आले तर खेकसतो, जेवण अर्धं टाकतो. याला घरात 'वयात आलाय' म्हणतात. वयात आलेला मुलगा घरच्यांशी तुसडा वागतो, पण मित्रांत खुलतो. मित्रही सुटले तर ते वयाचं नाही.

आता न थांबण्याचं. मूल मरणाबद्दल बोललं, वहीत लिहिलं, आवडत्या वस्तू वाटू लागलं, मनगटावर-मांडीवर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी. सरळ विचारा: 'तुला मरावंसं वाटतं का?' विचारल्यानं डोक्यात नवा विचार शिरत नाही. विचारणारं कुणी आहे एवढं कळतं. मुलाला एकटं ठेवू नका. आपल्या जिल्ह्यात घरोघरी शेती आहे, म्हणून पुढचं महत्त्वाचं: फवारणीचं औषध, तणनाशक, उंदराचं औषध, आजोबांच्या गोळ्या, सगळं कुलपात किंवा घराबाहेर. माळ्यावर टाकलं म्हणजे लपवलं असं नाही. सीपीआरचा, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाचा, अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. टेलिमानस १४४१६ हा मानसिक मदतीचा सरकारी क्रमांक २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं; मुलानं स्वतः केला तरी चालतो. औषध पोटात गेल्याची नुसती शंका असली तरी मीठ-पाणी पाजून ओकवत बसू नका. थेट दवाखाना, आणि बाटली सोबत.

तांबडापांढरा
एक विचारतो, राग नको. आमच्या पिढीत कुठं होती थेरपी? पोरगं लई वळवळ करत असलं की तालमीत घालायचे, सहा महिन्यांत सरळ. आता जरा रडलं की सेशन. ह्यात धंदा किती आणि गरज किती?

रंकाळा संध्याकाळ
राग कशाचा, प्रश्न रास्त आहे. तालमीत पहाटे ठरल्या वेळी उठणं, अंग मोडून मेहनत, वस्तादाचा एकच ठाम नियम, पोटभर जेवण आणि गाढ झोप हे सगळं एकत्र मिळतं. चंचल मुलाला यातलं प्रत्येक खरोखर लागू पडतं, आणि थेरपी चालू असली तरी आम्ही तालीम बंद करा म्हणत नाही. पण भित्र्या मुलाला 'धीट होईल' म्हणून हौद्यात ढकललं तर ते दोन दिवसांत पळतं आणि पुढं मैदानालाच भितं. त्याला पायरीपायरीनं न्यावं लागतं. आणि वाचता न येणाऱ्या मुलाला जोर-बैठका मारून वाचता येत नाही. तक्रार कुठली ते आधी, तालीम नंतर.

धंद्याचं म्हणाल तर आहेच. त्यावर खाली कुणीतरी लिहीलच.

शिरोळचा ऊस
आमच्या पट्ट्यातल्या पोरांचं विचारायचंय. २०१९ चा आणि २०२१ चा पूर ज्यांनी लहानपणी बघितला, ती आता मोठी झालीत. पाऊस लागला की 'राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं?' हे दिवसभर. ३९ इशारा, ४३ धोका, पाठ आहे सगळ्यांना. काही पोरं झोपत न्हाईत. ह्याला थेरपी म्हणायची का भूगोल?

रंकाळा संध्याकाळ
पुराच्या गावात पाण्याची पातळी विचारणं हे शहाणपण आहे. पण ३९ फुटांचा आकडा सांगितल्यावर मूल किती वेळ शांत राहतं ते बघा. तासभर खेळायला गेलं तर माहिती पुरली. पाच मिनिटांत पुन्हा विचारलं तर त्याला आकडा नको आहे, धीर हवा आहे, आणि दर वेळी धीर दिला की तो कमी काळ पुरतो.

घरी करायचं ते असं. पातळी बघायच्या दोन वेळा ठरवा, सकाळी ८ आणि संध्याकाळी ६. एकच खात्रीचा स्रोत. व्हॉट्सॲपवरचे जुने व्हिडिओ बंद. मधे विचारलं तर 'सहाला मिळून बघू' एवढंच, रोज त्याच शब्दांत, न चिडता. पिशवी मुलाच्या हातानं भरा: कपडे, विजेरी, औषधं, शाळेची कागदपत्रं प्लास्टिकमध्ये. किती फुटांना आपण निघायचं आणि कुणाकडं जायचं हे वहीत लिहून ठेवा. ज्या मुलाला बेत माहीत असतो, ते कमी विचारतं. यात लोक चुकतात ते असं: तिसऱ्या दिवशी कंटाळून 'काय होत नाही, गप झोप' म्हणतात. पाणी आलेलं त्यानं बघितलंय, त्यामुळं तुमच्या शब्दावरचा विश्वास तेवढा जातो.

थेरपीला कधी: उन्हाळ्यात कोरड्या नदीवरूनही जायला नको म्हणतं, नळाच्या आवाजानं दचकतं, पुराची स्वप्नं आठवड्यातून बऱ्याचदा पडतात, किंवा पावसाळ्यात शाळा बुडते. हे महिन्याच्या वर चाललं की जा. आघातावरच्या थेरपीत मुलाला ती गोष्ट हळूहळू, ठरवून, सुरक्षित जागी सांगायला शिकवतात. साधारण १२ ते १६ सत्रं धरा. चौकात बसून वडीलधाऱ्यांनी 'सांग बघू पाणी कसं आलं' विचारणं म्हणजे थेरपी नव्हे.

चौथी ब
विशेष शिक्षक म्हणून अभ्यासाकडचं लिहिते. पेपर बघून आईवडील 'मानसिक काहीतरी' म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा प्रश्न वाचनाचा असतो.

घरी करता येईल अशी चाचपणी: इतिहासाचा धडा तुम्ही वाचून दाखवा आणि तोंडी पाच प्रश्न विचारा. मग तसाच दुसरा धडा मुलाला स्वतः वाचून लेखी उत्तरं द्यायला सांगा. तोंडी चार बरोबर, लेखी एक, तर अडचण समजेची नाही, वाचन-लेखनाची आहे. दोन्हीकडं एकच बरोबर आलं तर मग समज, लक्ष, ऐकणं असं सगळं तपासावं लागतं. सेमी किंवा इंग्रजी माध्यम असेल तर हे मराठीतही करा. मराठी झरझर वाचतो आणि इंग्रजीतच अडतो, अशा मुलाला बहुधा शिकवणी लागते, लेबल नाही. मराठीत वेगळं बघायचं: वेलांटी-उकार सोडणं, जोडाक्षर फोडून वाचणं, रफार गाळणं. दुसरीपर्यंत हे चालतं. चौथीत तसंच राहिलं आणि वर्षभर नियमित सराव होऊनही हललं नाही, तर तपासा.

अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान वयाच्या ८ वर्षांआधी देत नाहीत. बालवाडीतल्या मुलाला 'डिस्लेक्सिया' कुणी सांगितलं तर उठून या. ८ च्या आधी मदत मात्र सुरू करावी, त्यासाठी कागद लागत नाही. बुद्धिमापन चाचणी वर्षाच्या आत दुसरीकडं पुन्हा करू नका. मुलाला प्रश्न आठवतात आणि आकडा फुगतो. जिथं गेलात तिथं आधीचा अहवाल दाखवा, लपवू नका. आणि चाचणी मुलाच्या भाषेत हवी. इंग्रजी प्रश्न समोर बसून मराठीत भाषांतर करून विचारले तर त्या गुणांना किंमत राहत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता दोन्ही येतात. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींना सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, खासगी अहवाल पुरत नाही. नववीच्या सुरुवातीलाच हालचाल करा. दहावीच्या डिसेंबरात रांगेत उभं राहून काही होत नाही.

आणि इथं 'थेरपी' शब्दाची खिचडी होते ती सोडवते. उच्चार, बोलणं, अडखळणं याला वाचा उपचार. पेन्सिलची पकड, बटण लावणं, आवाज-स्पर्श सहन न होणं याला ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे ओटी. वाचन-गणिताला रेमेडियल, म्हणजे विशेष शिक्षकाची शिकवणी. भीती, राग, उदासी याला मानसोपचार. औषध लिहायचा अधिकार मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा. उदास मुलाला ओटीचे झोपाळे आणि न वाचणाऱ्या मुलाला समुपदेशन, असं झालं की वर्ष वाया जातं आणि 'थेरपीनं काय झालं नाही' हा बोभाटा होतो.

ओटीवाला
धंद्यावर मी लिहितो, आमच्याच क्षेत्रात तो जास्त आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. तो क्रमांक मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर नाव तपासा. आमची, म्हणजे ओटीची, नोंदणी राज्याच्या वेगळ्या परिषदेकडं. नुसता 'समुपदेशक' हा फलक लावायला मात्र फारसा अडसर नाही. चांगले समुपदेशक आहेतच, पण शिक्षण काय आणि मुलांबरोबरचं काम किती, हे विचारायला संकोच करू नका. नंबर विचारल्यावर जो चिडतो, तिथून निघा.

तपासणीआधीच ६० सत्रांचं पॅकेज आगाऊ मागतात, सत्रात पालकांना कधीच आत घेत नाहीत, सगळ्या मुलांना तोच तक्ता: हे तिन्ही दिसलं तर बाहेरची वाट धरा. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारं 'मिडब्रेन', बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी चाचणी, यांना शास्त्राचा आधार नाही. सुट्टीत वर्ग भरतात म्हणून ते खरं होत नाही.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न: नेमकं काय बदलायचं ठरवलंय? ते मोजणार कसं? घरी रोज आम्ही किती मिनिटं काय करायचं? पुन्हा आढावा कधी? 'लक्ष वाढवू' हे ध्येय नव्हे. 'जेवणाच्या ताटावर सलग १० मिनिटं बसेल, सध्या ३ बसतो' हे ध्येय. ६ ते ८ सत्रांनी आढावा घ्या. काहीच हललं नसेल तर बदल ध्येयात हवा, पद्धतीत का माणसात, हे स्पष्ट बोला. मूल हसत जातं म्हणजे फरक पडतोय असं नाही, रडत जातं म्हणजे पडत नाही असंही नाही. आणि आठवड्यात ४५ मिनिटं केंद्रावर करून बाकीचे दिवस घरी काहीच नाही, तर पैसे रंकाळ्यात टाकल्यासारखेच.

कसबा बावडा
सहा वर्षांच्या आतल्याला थेरपी म्हणजे काय करतात नेमकं? ते कुठं बोलणार बसून?

खडूफळा
बसून बोलायचं नसतंच. लहानांना खेळातून: बाहुल्या, वाळू, चित्रं. विचार-भावना-वागणूक यावरची बोलायची पद्धत साधारण ७-८ वर्षांपासून जमते. पण ३ ते ६ वयात हट्ट, मारणं, चंचलपणा असेल तर पहिला उपाय पालकांचं प्रशिक्षण, आणि तेच सगळ्यांत जास्त लागू पडतं. यात थेरपिस्ट मुलाला कमी आणि आईबाबांना जास्त भेटतो. रोज १० मिनिटं मूल म्हणेल तो खेळ, त्यात शिकवणं-दुरुस्त करणं बंद. सूचना एका वेळी एकच आणि 'पळू नको' ऐवजी 'चालत जा'. चांगलं वागताना लगेच नाव घेऊन कौतुक. आरडाओरड्याकडं दुर्लक्ष, मात्र मारामारीकडं नाही. दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस ओरडणं वाढतं. लोक इथंच सोडतात, आणि जास्त ओरडलं की मिळतं हा नवा धडा मुलाला देतात. आजी दुसऱ्या खोलीत नेऊन चॉकलेट देणार असतील तर सुरूच करू नका; आधी आजींना बसवून सांगा. त्यांना 'तुमचं चुकतंय' असं नको, 'हे १५ दिवस तुमची मदत पाहिजे' असं.

मुलाला नेताना काय सांगायचं, हेही इथंच लिहिते. सहा वर्षांच्याला: 'तिथं एक ताई आहेत, त्या मुलांशी खेळतात आणि भीती कमी कशी करायची ते शिकवतात. सुई नाही.' तेरा वर्षांच्याला: 'तुझी झोप गेलीय, आम्हाला काळजी वाटते. तीनदा जाऊ, मग तू सांग.' फिरायला चाललोय सांगून नेऊ नका. आणि परत येताना रिक्षात 'काय विचारलं? तू काय सांगितलंस?' अजिबात नको. मोठ्या मुलांचं बोलणं थेरपिस्ट घरी सांगत नाही. जिवाला धोका किंवा अत्याचार असेल तेवढंच बाहेर येतं. हे पहिल्याच दिवशी तिघांसमोर ठरवून घ्या.

बालरोग ओपीडी
अत्याचाराचा शब्द आला म्हणून. मुलात अचानक बदल, एका ठरावीक माणसाकडं जायला नकार, वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं किंवा खेळ, दुखापत, असं काही दिसलं तर मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, 'तू सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा. संशयितासमोर मुलाला उभं करू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरलाही आणि शिक्षकालाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा. थेरपी लागतेच, पण आधी मूल सुरक्षित.

आजरा घनसाळ
सगळं पटलं. पण आजरा-चंदगडहून दर आठवड्याला कोल्हापूर म्हणजे एक दिवसाचा रोजगार बुडतो. पैसे नसणाऱ्यांनी कुठनं सुरू करायचं?

चौथी ब
अंगणवाडी आणि सरकारी-अनुदानित शाळांपासून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, वय ० ते १८. पथकाची वाट बघत बसू नका, सेविकेला किंवा मुख्याध्यापकांना सांगून मुलाचं नाव आधीच यादीत द्या, आणि त्या दिवशी पालकांपैकी एकानं तिथं थांबा. शंका असेल तर संदर्भ चिठ्ठी मिळते. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या पुढच्या तपासणी-उपचाराचं सरकारी केंद्र) तीच दाखवायची. चिठ्ठी हरवली की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून तिथल्या तिथं मोबाईलवर फोटो काढा. मोठ्या मुलांसाठी सीपीआरचा मनोविकार विभाग. केसपेपर काढून सकाळच्या ओपीडीत.

फेऱ्या कमी करायच्या तर: मोजमाप आणि पहिली दोन-तीन सत्रं प्रत्यक्ष, पुढचं पालकांचं प्रशिक्षण फोन किंवा व्हिडिओवर. १२-१३ च्या पुढच्या मुलांना व्हिडिओ चालतो, खोलीत दुसरं कुणी नसेल तर. लहानग्यांना आणि चाचण्यांना चालत नाही.

विम्याचं: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं शारीरिक आजाराच्या बरोबरीनं मानसिक आजाराला विमा द्यावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरचा खर्च देतात. आठवड्याच्या सत्रांचा खर्च पॉलिसीत ओपीडी असेल तरच.

आजरा घनसाळ
आणि सोबत काय काय न्यायचं?

चौथी ब
जन्माच्या वेळचा दवाखान्याचा कागद, लसीकरण कार्ड, कान-डोळ्यांचे अहवाल, दोन वर्षांची प्रगतीपुस्तकं, मराठी आणि गणिताची चालू वही (नवी कोरी नको, खाडाखोडीची पाहिजे), वर वहीचं सांगितलंय ती, वर्गशिक्षकांनी लिहिलेली अर्धं पान नोंद. जन्मतः रडलं का, मान कधी धरली, चाललं कधी, पहिला शब्द कधी, हे आजीला विचारून आधीच लिहून न्या. तिथं गेल्यावर कुणालाच आठवत नाही. मुलाचा डबा आणि पाणी. पहिल्या भेटीला तास-दीड तास जातो आणि भुकेल्या मुलाची चाचणी चुकते. ताप असेल तर तारीख पुढं ढकला.

तांबडापांढरा
वडील यायला तयार नसले तर? आमच्या भावकीत तेच चाललंय.

रंकाळा संध्याकाळ
मग त्यांच्याकडं 'थेरपीला चला' अशी मागणी करू नका. एकच काम सांगा: एक आठवडा रात्री ९.३० ला मूल अंथरुणात गेलं का, याची खूण त्यांनी वहीत करायची. वही हातात आली की पुढचे रकाने ते स्वतः वाचतात. तोवर एकट्या आईनं मूल आणलं तरी तपासणी होते. पत्र शाळेनं दिलेलं असेल तर ते बरोबर आणा, काही घरांत बायकोच्या शब्दापेक्षा शाळेच्या शिक्क्याला वजन असतं.